हाकेला ओ न देणारे पिल्लू

विषय : टिटवीच्या पिल्लाने पित्याच्या हाकेला ओ न दिल्याबाबत.

बालमित्रांनो, उपरोक्त विषयी निवेदन असे की, एका नदीच्या पात्रात, गोट्यांमध्ये, एक टिटवा आपल्या एकुलत्या पिल्लासह राहत असे. टिटव्यांचा रिवाज असा : संकट दिसले की मोठ्यांनी कर्कश ओरडायचे आणि पिल्लांनी गोट्यांत अंग चोरून दगड व्हायचे, संकट टळले की हळू हाक मारून त्यांना पंखाखाली घ्यायचे. पिल्लाच्या आईला मुंगसाने नेले, तेव्हापासून टिटव्याने ओरडण्याचे काम दुप्पट केले आणि हळू हाक मारण्याचे बंद. पिल्लू वाकडे चालले, ओरड. चोचीतला किडा सांडला, ओरड. पिल्लू दिवसभर दगड होऊन पडू लागले. "याला म्हणतात शिस्त," टिटवा शेजाऱ्यांना सांगे.

मशिदीच्या घुमटावरचा म्हातारा पारवा पाणी प्यायला येई. तो म्हणाला, "बेटा, लेकरू अल्लाहची अमानत असतं. आधी रहम, मग तालीम. शुक्रवारी खाली हेच सांगतात."

मानसशास्त्राच्या वर्गाच्या खिडकीत घरटे असलेली साळुंकी म्हणाली, "भाऊ, भ्यालेलं पिल्लू शिकत नाही, नुसतं लपतं. वर्गातले निम्मे झोपतात, पण मी ऐकलंय."

"चाचा, घुमटावर मुंगूस चढत नाही," टिटवा म्हणाला. "आणि ताई, तुमची पिल्लं खिडकीतून पडतात म्हणे."

"एकच पडलं," साळुंकी म्हणाली. "पण पडल्यावर त्यानं मलाच हाक मारली."

एका दुपारी धरणाचे पाणी सोडले. गोटे बुडू लागले. टिटवा घिरट्या घालत ओरडला, "ऊठ, पळ!" त्याच्याकडे तेवढा एकच आवाज उरला होता. पिल्लू आज्ञाधारक, ते आणखी खाली दबले. पाणी चोचीला लागले, तेव्हा काठावरून पारवा हलकेच घुमला, "ये बेटा, ये." पिल्लू उठले आणि धडपडत त्याच्याकडे धावले.

पिल्लू वाचले. आता ते काठावरच्या गवतात पारव्याच्या पंखाखाली निजते. टिटवा रोज संध्याकाळी थोड्या अंतरावर येऊन, घसा जमेल तितका मऊ करून म्हणतो, "ये, बाळा." पिल्लू आवाज ओळखते आणि दगड होते.

"बसून राहा," पारवा त्याला सांगतो, "पण गप्प." टिटवा बसून राहतो.

तात्पर्य : धाकाने लेकरू जागच्या जागी बसते, जवळ येते ते मायेने. टिटव्याचा विनंतीअर्ज पिल्लाकडे अद्याप प्रलंबित आहे.