उंदरिणीचे बंद बीळ

जंगल जिथे सुरू होते, तिथल्या करंजाच्या झाडाखाली एक उंदरीण राहत असे. बिचारी पहिलटकरीण! चार गुलाबी पिल्ले झाली आणि तिला वाऱ्याखेरीज दुसरा शत्रूच दिसेना. थंडीचे दिवस होते. 'पिल्लांना वारा बाधेल' या धास्तीने तिने बिळाची मागची दोन्ही तोंडे ओल्या मातीने लिंपली आणि पुढच्या दारात पाने कोंबली. हसू नका मुलांनो, थंडीत तुम्हालाही आईने कानटोपी घालून गोधडीत गुंडाळले असेलच की!

दुपारपर्यंत पिल्ले मलूल झाली. दूध पिईनात, चाटले तरी हलेनात. उंदरीण बिळभर फटी शोधत फिरली. "मेला वारा अजून येतोय कुठूनतरी!" असे म्हणत तिने उरलीसुरली फटही बुजवली. मग तिचेच डोके जड झाले. पिल्लांना पोटाशी धरून ती रडू लागली.

ते रडणे शेजारच्या घुशीने ऐकले. ती माती उकरत आली आणि तिने भिंतीतून नाक आत घातले. "अगं बाई, काय हे कोंदलंय! पोरं श्वास कसा घेणार?" उंदरिणीने झटकन त्या भोकाला पाठ लावली. "नको मावशी, वारा लागेल!"

"वारा वेगळा आणि हवा वेगळी, पोरी," घूस मायेने म्हणाली. "तुमच्या श्वासाने शिळी झालेली हवा आत साचलीय. वाट मिळाली की ती बाहेर पसरेल आणि ताजी आत. त्यासाठी वाऱ्याची गरज नसते. भोक मी वाकडं पाडलंय, झोत आत यायचा नाही. सरक बघू."

उंदरिणीने पिल्लांकडे पाहिले. भीती वाटत होती, तरी ती सरकली. बाहेर गवताचे पातेही हलत नव्हते. पण हळूहळू आत रानतुळशीचा वास आला, आणि तिचे डोके हलके झाले. थोड्या वेळाने एका पिल्लाने पाय झाडला, दुसरे दुधासाठी चुंचुं करू लागले, आणि पाहता पाहता चारही पिल्ले तिला बिलगली. उंदरिणीचे डोळे भरून आले.

"मावशी," ती म्हणाली, "मागची तोंडंही उघडून देतेस का गं?"

तात्पर्य : जिवलगांना जपताना त्यांच्या श्वासाची वाट बुजवू नये; हवा ये-जा करते, म्हणूनच घर जगते.