उजव्या पायाचं औषध

जंगलातले सगळे एकमेकांशी एकाच बोलीत भांडत होते, त्या काळची ही गोष्ट.

टुणक्या माकडाने धारदार दगडावर उडी मारली आणि त्याचा डावा तळपाय चिरला. साळूमावशी म्हणजे काटेरी साळिंदर. तिने दगडी पाला चुरगळून जखमेवर पिळला, चोथा दाबून बसवला आणि वरून पळसाचं पान वेलीने बांधलं. रक्त थांबलं.

पण आजाऱ्याला भेटायचं म्हणजे जखम उघडून बघायची, अशी माकडांची रीत! आत्याने पान उचललं आणि "अगं बाई!" म्हणाली. काकाने तर बोटाने उकरून पाहिलं. संध्याकाळी पुन्हा रक्त वाहू लागलं.

"मावशी, तुझ्या पाल्याला गुणच नाही," टुणक्या रडवेला होऊन म्हणाला.

"पाल्याला आहे रे, तुझ्या गोतावळ्याला नाही!" साळूमावशी फणकारली.

तिने जखम धुऊन नवा पाला बांधला आणि तो पाय मांडीखाली दडवून बसायला सांगितलं. मग उजव्या, धडधाकट पायावर भलं मोठं पान बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे ते पान उचलून बघायचे. "वा! जखमेचा मागमूसही नाही!" म्हणत खुशीत घरी जायचे.

थोड्याच दिवसांत डावा पाय बरा झाला. टुणक्याने उडी मारून विचारलं, "मावशी, डाव्या पायाला दगडी पाला होता. मग उजव्या पायाला कशाचं औषध होतं?"

"ते होय?" मावशी काटे झटकत म्हणाली, "ते पाहुण्यांचं."