रांजणाला घर मिळेना

एक होता कुत्रा. केवढा? खूप मोठा. पलंगाएवढा. त्याचं नाव रांजण.

एक होती खार. केवढी? एवढीशी. रांजणाच्या कानात मावेल एवढी. तिचं नाव टिचकी.

रांजण राहायचा शेवंताकाकूंकडे. काकूंचं घर म्हणजे कुत्र्यांचं पाहुणेघर. कुणाचा पाय मोडला, कुणाला कुणी रस्त्यात सोडलं, की काकू त्याला घरी आणायच्या. औषध लावायच्या. भात घालायच्या. बरा झाला की त्याला कायमचं घर शोधून द्यायच्या.

रांजणाचा पाय बरा झाला. मग त्याला बघायला माणसं आली. "बाई गं, केवढा हा," म्हणाली. चहा प्यायली आणि गेली. दुसरी आली. "बाई गं, केवढा हा." चहा प्यायली आणि गेली. काकूंची साखर संपली, पण रांजणाला घर मिळालं नाही.

एक दिवस चार पिल्लं आली. ओली. कुडकुडत होती. काकूंनी रांजणाची गोधडी काढली आणि पिल्लांना घातली. दुसरी गोधडी नव्हती. रांजण फरशीवर बसला. फरशी गार. टिचकीला फार वाईट वाटलं.

"पुरे झालं," टिचकी म्हणाली. "मी तुला घर आणते."

"आण," रांजण म्हणाला.

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली स्वयंपाकघरात.

"काकू, काकू, घर द्या.
रांजणाला घर मिळेना."

काकू म्हणाल्या, "ओढ्यापलीकडच्या मथुरामावशी न्यायला तयार आहेत. एकट्या असतात, त्यांना सोबत हवी. पण त्यांच्या अंगणाला फाटक नाही. फाटक नाही, तर कुत्रा रस्त्यावर. रस्त्यावर ट्रक. मावशींनी फाटक लावल्याशिवाय मी रांजणाला सोडणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली मथुरामावशींकडे.

"मावशी, मावशी, फाटक लावा.
काकू रांजणाला सोडेनात,
रांजणाला घर मिळेना."

मावशी म्हणाल्या, "मी तर त्याच्यासाठी पातेलंसुद्धा घासून ठेवलंय. पण लावू काय? सुतारमामांनी फाटक केल्याशिवाय मी लावणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली सुतारमामांकडे.

"मामा, मामा, फाटक करा.
मावशी फाटक लावेनात,
काकू रांजणाला सोडेनात,
रांजणाला घर मिळेना."

मामांनी कानावरची पेन्सिल काढली. "कुत्रा केवढा आहे?"

टिचकीने दोन्ही हात ताणले. "एवढा."

"एवढासा? हा तर फाटकाखालून जाईल."

"माझे हात पुरत नाहीत हो, मामा."

मामा म्हणाले, "बरं बरं. फळ्या आहेत माझ्याकडे. पण बिजागरी नाही. बिजागरीवर तर फाटक फिरतं. लोहारीणआक्काने बिजागरी दिल्याशिवाय मी फाटक करणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली लोहारीणआक्काकडे. आक्का रस्त्याकडेला बसली होती. हातोडा मांडीवर होता.

"आक्का, आक्का, बिजागरी दे.
मामा फाटक करेनात,
मावशी फाटक लावेनात,
काकू रांजणाला सोडेनात,
रांजणाला घर मिळेना."

आक्का म्हणाली, "देईन की गं. पण लोखंड तापायला नको का? भट्टी पेटल्याशिवाय मी बिजागरी देणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली भट्टीपाशी.

"भट्टीबाई, भट्टीबाई, पेट ना.
आक्का बिजागरी देईना,
मामा फाटक करेनात,
मावशी फाटक लावेनात,
काकू रांजणाला सोडेनात,
रांजणाला घर मिळेना."

भट्टी म्हणाली, "फुस्स. पेटू कशी? पेटले की वारा येतो. फू करतो. मी विझते. सकाळपासून हेच चाललंय. वारा थांबल्याशिवाय मी पेटणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली वाऱ्याकडे. वारा काही लांब नव्हता. तिथेच धूळ उडवत होता.

"वारेदादा, वारेदादा, थांब ना.
भट्टी पेटेना,
आक्का बिजागरी देईना,
मामा फाटक करेनात,
मावशी फाटक लावेनात,
काकू रांजणाला सोडेनात,
रांजणाला घर मिळेना."

वारा म्हणाला, "सूं सूं. मी आपणहून कधी थांबत नाही. कुणी अडवलं तर थांबतो."

"मी अडवते," टिचकी म्हणाली. ती वाऱ्यापुढे उभी राहिली. शेपूट फुलवलं. डोळे मिटले. वारा आला, सूं. टिचकी उडाली आणि टप्पकन आक्काच्या पदरात पडली.

टिचकीने चिंचेच्या झाडाला विचारलं, "येतोस का वारा अडवायला?"

"मला पाय नाहीत," झाड म्हणालं.

टिचकीने शाळेच्या भिंतीला विचारलं, "तू येतेस का?"

"मला पाय नाहीत," भिंत म्हणाली.

टिचकी डोकं खाजवत बसली. मोठं हवं. खूप मोठं. आणि पाय हवेत. कोण बरं? तुम्हाला कळलं ना? तिला थोडा वेळ लागला. एवढंसं डोकं, त्यात किती मावणार? पण मग तिलाही कळलं.

तुरु तुरु, तुरु तुरु, टिचकी गेली रांजणाकडे. तो अजून फरशीवरच होता.

"रांजणा, रांजणा, वारा अडव.
वारा थांबेना,
भट्टी पेटेना,
आक्का बिजागरी देईना,
मामा फाटक करेनात,
मावशी फाटक लावेनात,
काकू तुला सोडेनात,
आणि तुला घर मिळेना."

रांजणाने विचारलं, "अडवायचं म्हणजे काय करायचं?"

"नुसतं बसायचं."

"ते येतं मला," रांजण म्हणाला आणि उठला.

काकूंनी त्याच्या गळ्यात दोरी घातली. काकू पुढे, रांजण मागे. नाही, चुकलं. रांजण पुढे, आणि काकू दोरी धरून मागे पळत होत्या.

रांजण भट्टीपाशी आला. वाऱ्याकडे पाठ केली आणि बसला. धप्प.

वारा आला, सूं. रांजणाला धडकला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा धडकला. रांजणाचे केस उडाले. रांजण काही हलला नाही.

"बाई गं, केवढा हा," वारा म्हणाला. आणि थांबला.

वारा थांबला, भट्टी पेटली. भक् भक्.
भट्टी पेटली, आक्काने बिजागरी दिली. ठण ठण.
बिजागरी दिली, मामांनी फाटक केलं. ठक ठक.
फाटक केलं, मावशींनी लावलं. कुर्र कुर्र.

फाटक लागलं, तशा काकू तपासायला आल्या. त्यांनी फाटक ढकललं. ओढलं. खाली वाकून बघितलं. कडी काढली, परत लावली.

"अहो काकू, माझ्या हातचं काम आहे ते," मामा म्हणाले.

"असेल. पण कुत्रा माझा आहे," काकू म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "म्हणजे, आता मावशींचा."

आणि काकूंनी रांजणाला सोडलं.

मावशी भाकरतुकडा घेऊन आल्या. घरात नवं कुणी आलं की दारात भाकरतुकडा ओवाळतात आणि लांब टाकतात. मावशींनी रांजणावरून ओवाळला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओवाळायला तुकडाच नव्हता. तो रांजणाच्या तोंडात होता.

"अरे, टाकायचा असतो तो," मावशी म्हणाल्या. मग आत गेल्या आणि अख्खी भाकरी घेऊन आल्या. टिचकीला ओंजळभर शेंगदाणे दिले. टिचकीची नव्हे, मावशींची ओंजळ. टिचकीने लगेच चार गालात भरले.

संध्याकाळी काकू घरी निघाल्या. रांजणही उठला. शेपूट हलवत फाटकाशी गेला. त्याला वाटलं, आपणही निघायचं.

"तू नाही रे, रांजणा," काकू म्हणाल्या. "हे तुझं घर."

काकूंना बरं वाटलं. रडूही आलं. दोन्ही एकदम झालं. त्यांनी बाहेरून फाटक लावलं, आणि कडी लागली का ते पुन्हा एकदा बघितलं.

रांजण फाटकातून बघत राहिला. काकू वळणावर गेल्या, दिसेनाशा झाल्या. तरी तो बघत राहिला. मग सावकाश मागे फिरला. मावशींच्या दारात आला आणि आडवा झाला. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. टिचकी त्याच्या पाठीवर चढली. दोघांना झोप लागली.

मावशींना बाहेर जायचं होतं. पण दारात रांजण. झोपलेल्याला ओलांडू नये म्हणतात. म्हणून मावशी मागच्या दाराने गेल्या. त्याला ऊठ म्हणाल्या नाहीत.

लागली फाटकाला कडी,
घातली गोष्टीची घडी.