दाराबाहेरची पावलं

"बाबा, पट्टीचा पोहणारा माणूस स्वतःच्याच विहिरीत बुडतो कसा?"

तालुक्याच्या थेटराच्या दारावर रंभाजीबाबा तीस वर्षं उभे आहेत. त्यांनी माझं तिकीट फाडलं, अर्धं माझ्या हातात दिलं.

"आधी सिनेमा बघून ये."

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला होता. आईने तोंड फिरवलं. मामा म्हणाला, नशीब. पोलीसपाटील म्हणाला, पाय घसरला असेल. माझ्या थोरल्या भावाला, गहिनीदादाला जाऊन चाळीस दिवस झाले होते. भर दुपारी तो विहिरीच्या पायरीवर वाकून मोटर बघत होता. एवढंच कळलं. पुढचं कुणी बोलत नव्हतं.

सकाळचा खेळ सुटला. मी बाहेर आलो तेव्हा बाबा पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"कसा हाय?"

"अर्धा चांगला. अर्धा भंगार."

"चांगला कुठला?"

मी सांगितलं. आभाळात दोन चंद्र उगवतात. मग यान बर्फाच्या ढगात शिरतं, आणि आवाजच बंद होतो. तेव्हा मला खुर्ची जाणवेना. आपणच तरंगतोय असं वाटलं. शेजारचा माणूस घास चावायचा थांबला होता.

"आन् भंगार?"

"त्यातली शहाणी माणसं. एकेकाला चार डिग्र्या. अनोळखी जनावर दिसलं की हात लावायला जातात. आमची शेळीसुद्धा आधी हुंगती."

बाबा हसले. मला हसू आलं नाही.

"आणि ती पावलं," मी म्हणालो.

या परग्रहाच्या सिनेमाचे तीन भाग आधी आले होते. तिन्ही आम्ही दोघा भावांनी एकाच तिकिटावर पाहिले. सायकलला कुलूप नव्हतं. मध्यंतरापर्यंत दादा आत, मी मागे लिंबाखाली सायकलजवळ. मध्यंतराला बाबा दार उघडून ओरडायचे, "चला, पाळी बदला." मग मी आत, दादा सायकलजवळ. घरी जाताना तो मला सुरुवात सांगायचा, मी त्याला शेवट. मोबाईलवर पूर्ण बघू म्हटलं तर म्हणायचा, "त्या डबड्यात आभाळ मावत नाही."

पहिल्या भागाच्या शेवटी माणसं एका मेलेल्या ग्रहावर पोचतात. तिथे एक बंद दार असतं. दारासमोर धुळीत अनवाणी पावलं. जाणारी, येणारी, पुन्हा जाणारी. कुणाची, ते तिन्ही भागांत कळत नाही.

दादा म्हणाला होता, "येड्या, सुरुवातीलाच दाखवलंय की. आत धाकटा झोपलाय. बाहेर थोरला फेऱ्या मारतोय. त्याला आत जाता येत नाही."

आज लागलेला चौथा भाग पहिल्याच्याही आधीची गोष्ट सांगणारा होता. पावलांचं उत्तर त्यात आहे, असं सगळीकडे छापून आलं होतं. दादाने तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती.

"मग, कुनाची निघाली पावलं?" बाबांनी विचारलं.

"यंत्राची. पहारा देणारं यंत्र. त्याची वायर सैल होते, म्हणून ते इकडून तिकडे फिरत राहतं. वायर, बाबा! एवढ्यासाठी सात वर्षं थांबलो."

बाबा शेंगा सोलत राहिले.

"थोरला नाही, धाकटा नाही. दादा खोटं बोलला. मला सुरुवात खोटी सांगितली. मग अजून काय काय खोटं सांगितलं असेल त्याने?"

बाबांनी टरफलं मुठीत गोळा केली.

"कळलं, त्यानं बरं वाटलं का?"

"नाही."

"मग कळलं नसतं तर?"

"तर रोज विचारत बसलो असतो."

"ऊठ, कानिफ."

ते मला थेटराच्या दारापाशी घेऊन गेले. बाहेर शहाबादी फरशीची पडवी. लिंबाखालून ही पडवी दिसत नाही.

"हितनं त्या खांबापर्यंत चाल."

मी चाललो.

"किती पावलं?"

"अकरा."

"त्याची नऊ व्हायची. टांगा लांब."

"कुणाची?"

बाबांनी दाराकडे बोट केलं.

"पहिल्या भागात आत वीज लखलखली. पडदा पांढरा, काळा, पांढरा, काळा. तुझा भाऊ खुर्चीखाली पडला. तोंडाला फेस. मी कुशीवर धरून ठेवला. शुद्धीवर आला आन् पहिलं काय बोलला ठावं हाय? कानिफला सांगू नका."

"फिट... दादाला?"

"त्यानंतर तो आत गेलाच नाही. तिकीट फाडून घ्यायचा आन् हितं फेऱ्या मारायचा. मधी मधी दाराला कान लावायचा. जेवढं ऐकू येई तेवढं घ्यायचा, बाकीचं मनानं रचायचा."

"मग पूर्ण तिकीट मलाच का नाही दिलं?"

"एकटा गेला असतास?"

मी गेलो नसतो.

आमच्या विहिरीचं पाणी भर दुपारी असंच लकलकतं, आणि दादा त्यावरच वाकला होता. पांढरं, काळं, पांढरं, काळं...

मी बाबांची गचांडी धरली.

"चाळीस दिवस गप्प बसलात!"

"सात वर्षं," बाबा म्हणाले.

माझे हात आपोआप सुटले. मी फरशीवर बसलो. बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि दुपारच्या खेळाची माणसं आत सोडायला गेले.

घंटा झाली. मी खिडकीवर जाऊन एक तिकीट घेतलं. बाबांनी ते फाडलं, अर्धं मला दिलं. मी आत गेलो नाही.

दार बंद झालं. मी फेऱ्या मारायला लागलो. पाय ताणून टाकले, तेव्हा ते अंतर नऊ पावलांत बसलं. दाराला कान लावला. आतून घुमणारा आवाज आला, जसं हौदात तोंड घालून कुणी गावं.

"दादा, आता दोन चंद्र उगवतायत," मी हळूच म्हणालो. "एक आपल्या भाकरीएवढा. दुसरा त्याच्यामागून येतोय. धाकटा."

पुढे आवाज बंद झाला. मी म्हणालो, "आता ढग."

सगळी सुरुवात मी त्याला सांगितली. वायरचं सांगितलं नाही. ती मध्यंतरानंतर येते. तेव्हा तो स्वतःच बघेल आणि पोट धरून हसेल. आता कितीही वीज लखलखली तरी त्याला काही होणार नव्हतं.

मध्यंतर झालं. दार उघडलं, आतला गार वारा बाहेर आला. मी भिंतीला पाठ लावली आणि एक माणूस जाईल एवढी जागा सोडली.

रंभाजीबाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या शेजारच्या मोकळ्या फरशीकडे बघितलं, आणि दार धरून उभे राहिले.

"चला," ते म्हणाले, "पाळी बदला."