एका लुगड्याचं अंतर

रोपांचा टेम्पो तिकडं लावा, झाडाखाली नको. मुळांवर वजन येतं. आणि तो नकाशा जरा मिटा, आधी समोर बघा. तळ्याच्या काठानं या जांभळी उभ्या आहेत ना, त्यांच्या दोन बुंध्यांत एक नऊवारी लुगडं पसरेल एवढं अंतर आहे. फक्त देवीच्या पायरीपाशी जास्त मोकळं दिसतं. शहरातून जो येतो तो पहिलं बोट तिथंच दाखवतो, "इथं एक बसेल की!" नाही बसणार. का, ते ऐका.

फार पूर्वी या माळावर सावलीच नव्हती, असं सांगतात. उन्हाळ्यात गुरं पाण्यावर यायची आणि धापा टाकत उभी राहायची. तेव्हा गावानं तळ्याच्या देवीला, जळाईला, नवस बोलला, की घराघरानं एक जांभूळ लावायचं. नवस चांगलाच होता, पण माणसं आपलीच! प्रत्येकाला आपलं रोप देवीच्या पायरीला खेटून हवं. शेजाऱ्यानं वीतभर पुढं लावलं, की यानं त्याच्याही पुढं. सारा काठ उघडा, आणि पायरीपाशी मेथीच्या वाफ्यासारखी दाटी.

त्याच वर्षी गोजरा नावाच्या बाईला लेक झाली, चिमा. गोजरानं लेकीची नाळ पुरून तिच्यावरच आपल्या घरचं जांभूळ लावलं. चिमा चार-पाच वर्षांची होऊन तापानं गेली. झाड राहिलं. गोजरा त्यालाच चिमा म्हणायची म्हणे, पाणी घालताना बोलायची.

झाडं वाढली, पण कशी? उजेडासाठी एकमेकांच्या डोक्यावरून माना काढत. काठीसारखी उंच, खाली फांदी नाही, फळ नाही, सावली नाही. एका वादळात त्यातली काही आडवी झाली आणि खाली एक गाय मेली.

गोजरा दारोदार फिरली. "अरं, मधली मधली काढा. एका ताटात धा जण बसल्यावर कुणाचं पोट भरंल?" कुणी ऐकेना. देवीला दिलेलं तोडायचं कसं? शेवटी चावडीवर तुळाजी पाटील म्हणाला, "लई बोलतीस गोजरे. आधी तुझं काढ की!"

सगळे हसले. ते झाड कसलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी गोजरा कुऱ्हाड आणि धुतलेलं लुगडं घेऊन तळ्यावर आली. एका झाडापासून लुगडं पसरायचं, आत येईल ते काढायचं. त्या दाटीत सगळ्यांत जोमदार झाड होतं तिच्या जावेचं. आणि जावेशी तिचं बोलणं बंद. लुगडं आपल्या झाडापासून धरलं असतं, तर चिमा वाचली असती. कोण विचारणार होतं? पण तिनं टोक बांधलं ते जावेच्या झाडाला. चिमा लुगड्याच्या आत आली.

"चिमे," ती म्हणाली, "सरक गं जरा. बाकीच्यांला जागा दे." आणि घाव घातला.

जाऊ पायरीवरून बघत होती. ती उठली, लुगड्याचं दुसरं टोक उचललं आणि पुढं चालू लागली. दोघी काठानं मापत गेल्या. मग घराघरातून कुऱ्हाडी निघाल्या. जिथं काठ उघडा होता तिथं त्याच मापानं नवी रोपं लागली. पाटलानं मात्र आपलं काढलं नाही. तेही पुढं पडलं. कुणी म्हणतं वाऱ्यानं, कुणी म्हणतं गोजराच्या जावेनं.

पुढं झाडांनी अंग धरलं, फांद्या पसरल्या, गुरं सावलीला बसली. पायरीपाशी चिमाच्या जागी मात्र पुन्हा कुणी काही लावलं नाही, तिथून ऊन थेट पाण्यावर उतरतं. ते बघा.

मागं एक मंडळ आलं होतं. हार, फोटो, भाषण झालं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट रोपं गाडली, हाताहातावर! उपटता उपटता आमच्या कमरा मोडल्या. तुमच्या नकाशावरही झाडाच्या गोलाला गोल चिकटलाय. तो गोल आजच्या रोपाचा, का उद्याच्या झाडाचा? कुणी सांगेल का मला? सगळ्यांना सावली आजच पाहिजे!

आजही आमच्या गावात लुगडं अंथरल्याशिवाय खड्डा घेत नाहीत. एक टोक घरच्या बाईनं धरायचं, आणि दुसरं, जिच्याशी तिचं वाकडं असेल तिनं.

हे घ्या, माझं लुगडं आणलंय. गावात सध्या माझं कुणाशी वाकडं नाही. तुमच्याशी आहे. धरा ते टोक.