मानाची मोटार आणि कांद्याचा टेम्पो

फार पूर्वी, गाड्या बोलत आणि मालक ऐकून घेत, तेव्हाची गोष्ट. धोंडोपंत खर्च्यांच्या अंगणात एक मोटार दोन वर्षं झाकून उभी होती. दसऱ्याला तिला हार मिळे, चाकाखाली लिंबू ठेवलं जाई, आणि ते चिरडलं न जाता तिथेच वाळे. "मी मानाची," ती कांदे वाहणाऱ्या टेम्पोला सांगे, "तू लांब उभा राहा, वास येतो."

तिसऱ्या दसऱ्याला पूजा झाल्यावर धोंडोपंतांनी किल्ली फिरवली. नुसतं टिक् झालं. "आज चालली नाही, तर उद्या भंगारवाल्याला देतो," ते म्हणाले. मोटारीच्या काचांना घाम फुटला.

"टेम्पोभाऊ, बॅटरी उतरली हो. जरा जोर देता का?"

"जवळ यावं लागेल, वहिनीसाहेब. वास येईल."

"मला सर्दी झालीय," ती हळूच म्हणाली.

टेम्पोचा पत्रा हसून हसून खडखडला. धोंडोपंतांनी दोघांच्या बॅटऱ्या वायरींनी जोडल्या. टेम्पो गुरगुरला, मोटार खोकली, सुरू झाली आणि लिंबू चिरडून पुढे गेली.

पुन्हा बॅटरी उतरू नये म्हणून धोंडोपंत मग दर बाजाराला तिच्यातूनच कांदे नेऊ लागले. ती परत आली की टेम्पो म्हणे, "वहिनीसाहेब, जरा लांब उभ्या राहा. मला काही सर्दी झालेली नाही."