मोटार आणि तिची नंबरपाटी

फार मागं, राजेरजवाड्यांच्या काळात रस्त्यावर आलेली एक मोटार होती. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात मानानं उभं राहायची तिला फार आस. अंगावर नवा रंग चढला, तशी ती पोचे पडलेल्या नंबरपाटीला म्हणाली, "बये, तुला बघून लोक हसतील. तू जा."

पाटी म्हणाली, "संस्थानच्या रंगाऱ्यानं हातानं काढलेले मराठी आकडे आहेत माझ्यावर. तुझी साक्ष मीच गं."

मोटारीनं ऐकलं नाही. मालकानंही चकचकीत पाटी बसवली आणि जुनी भंगारात दिली.

मेळ्यात पारख करणारे दस्तगीरमामा तिच्याभोवती दोनदा फिरले. "रंग नवा, गाद्या नव्या, पाटीबी नवी. मग जुनं काय हाय हिच्यात?" म्हणाले, आणि तिला रांगेबाहेर काढलं.

"मी खरीच आहे हो, मामा," मोटार कळवळून म्हणाली. पण तिच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणीच नव्हतं.